जॉर्ज सायमन ओहम : शाळेच्या प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ



विद्युत परिपथ शिकवताना आपण फळ्यावर सेल, कळ आणि बल्ब काढतो, तारेने जोडतो आणि बाण दाखवतो. मुलं वरच्या वर्गात गेली की त्यांना ओहमचा नियम भेटतो. विभवांतर भागिले विद्युतधारा बरोबर रोध. सूत्र पाठ होतं, दोन-चार उदाहरणं सुटतात, मार्कही मिळतात. पण ओहम कोण, असं विचारा बरं. बहुतेक मुलांना ते फक्त एककाचं नाव वाटतं.

आजचा लेख या ओहमवर आहे, कारण हा माणूस आपल्यातलाच. त्याने ज्या कामामुळे जगात नाव मिळवलं, ते काम कुठल्या मोठ्या विद्यापीठात झालं नाही. शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवता शिकवता, शाळेच्याच प्रयोगशाळेत झालं. आणि त्या कामापायी त्याने ती शाळेची नोकरीही सोडली.

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी एर्लांगेन या गावी झाला. हे गाव आजच्या जर्मनीत बव्हेरिया राज्यात येतं. वडील योहान वोल्फगांग हे कुलूप-किल्ल्या बनवणारे कारागीर. आई शिंप्याच्या घरची. सात मुलांपैकी तीनच जगली, जॉर्ज, धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली.

वडिलांचं शालेय शिक्षण म्हणावं असं झालं नव्हतं. पण ते स्वतःच्या स्वतः गणित आणि विज्ञान शिकले होते, आणि नुसते शिकले नव्हते, मुलांना शिकवण्याइतके शिकले होते. दिवसभर कानस आणि हातोडा, नंतर मुलांना घेऊन गणित. शाळेत जॉर्जला विज्ञानाचं फारसं काही मिळालं नाही, पाठांतरावरच भर. जे मिळालं ते घरी. एर्लांगेन विद्यापीठातले प्राध्यापक लांगस्डॉर्फ यांनी या पोराची परीक्षा घेतली आणि ते थक्क झाले. त्यांनी दोघा भावांची तुलना बर्नौली या गणितज्ञांच्या प्रसिद्ध घराण्याशी केली. मार्टिनही पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. पालकहो, घरात पुस्तकी पदवी नसली तरी काय होऊ शकतं, याचं हे घर चांगलं उदाहरण आहे. मात्र वडिलांचे कष्टही त्यात धरा.

१८०५ मध्ये जॉर्ज विद्यापीठात गेला आणि तिथे आपल्या ओळखीची गोष्ट घडली. पोरगं अभ्यास सोडून नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड यांत रमलं. वडील चिडले. ज्या संधीसाठी स्वतः आयुष्यभर तरसलो ती मुलगा अशी घालवतोय, हे त्यांना सहन झालं नाही. तीन सत्रांनंतर जॉर्जने विद्यापीठ सोडलं आणि १८०६ मध्ये त्याची रवानगी स्वित्झर्लंडला झाली. तिथल्या एका शाळेत तो गणिताचा शिक्षक झाला. वय वर्षे सतरा!

मास्तर झाले म्हणजे आता अरे-तुरे बंद. इथून पुढे मी त्यांना अहो-जाहोच करणार.

स्वित्झर्लंडमध्ये ओहम पाच-एक वर्षे राहिले, आधी शाळेत, मग खाजगी शिकवण्या घेत. लांगस्डॉर्फ सरांच्या सल्ल्याने त्यांनी ऑयलर, लाप्लास यांची पुस्तकं स्वतः वाचून काढली. १८११ मध्ये एर्लांगेनला परतून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विद्यापीठात शिकवायला सुरुवातही केली, पण त्या पदावर पोट भरेना आणि बढतीची आशा दिसेना. मग बांबर्गच्या एका साध्या शाळेत नोकरी. ती शाळा १८१६ मध्ये बंदच पडली. समायोजन, दुसरी शाळा... हे शब्द वाचताना आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू आलं असेल!

या काळात त्यांनी भूमिती कशी शिकवावी यावर एक पुस्तक लिहिलं होतं. ते त्यांनी प्रशियाच्या राजाकडे पाठवलं आणि त्याचा उपयोग झाला. सप्टेंबर १८१७ मध्ये कोलोनच्या जेझुइट शाळेत गणित आणि भौतिकशास्त्राचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. शाळा चांगली, विद्यार्थी चांगले आणि मुख्य म्हणजे शाळेत प्रयोगाची साधनं भरपूर. साधन नसलं तर ते स्वतः बनवायचे. कुलूपवाल्याचा मुलगा, धातूकाम हातात बसलेलं.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या ओरस्टेड यांनी दाखवलं की तारेतून विद्युतधारा गेली की जवळची चुंबकसूची हलते. आज आपण हा प्रयोग पाच मिनिटांत करतो. पण त्या वेळी याचा एक मोठा अर्थ होता. डोळ्यांना न दिसणाऱ्या धारेचं माप घेण्याची सोय झाली. सूची जास्त वळली तर धारा जास्त, कमी वळली तर कमी. ओहम यांनी नेमकं हेच धरलं. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता, पाचवी-सहावीच्या मुलाने विचारावा असा. तार लांब केली तर धारा किती कमी होते?

कमी होते हे सगळ्यांना दिसत होतं. किती, हे कुणी नीट सांगत नव्हतं.

१८२५ मध्ये त्यांनी पहिले निष्कर्ष छापले आणि त्यातलं सूत्र चुकलं. चुकण्याचं कारण शिक्षकांनी समजून घेण्यासारखं आहे. त्या काळी विजेचा स्रोत म्हणजे व्होल्टाने शोधलेली बॅटरी. धातूच्या चकत्या आणि द्रव. जोडली की सुरुवातीला जोरात चालायची, मग जोर उतरायचा, थोडा वेळ थांबलं की पुन्हा चढायचा. आता सांगा, तार बदलली आणि सूची कमी वळली, तर ते तारेमुळे की बॅटरी थकल्यामुळे? कसं ठरवणार? वजनकाट्याची मापंच रोज बदलत असतील तर धान्य मोजून काय उपयोग!

इथे एका संपादकाची मदत झाली. भौतिकशास्त्राच्या नियतकालिकाचे संपादक पोगेनडॉर्फ यांनी सुचवलं की बॅटरी सोडा, झेबेक यांची युक्ती वापरा. झेबेक यांना १८२१ च्या सुमारास आढळलं होतं की दोन वेगळ्या धातूंचे दोन सांधे केले आणि एक सांधा गरम, दुसरा थंड ठेवला, तर परिपथात धारा वाहते. ओहम यांनी बिस्मथची पट्टी आणि तांबं घेतलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. आता यातली गंमत बघा. पाणी उकळत असेपर्यंत त्याचं तापमान बदलत नाही. बर्फ वितळत असेपर्यंत त्याचंही बदलत नाही. म्हणजे तापमानातला फरक कायम, म्हणून विजेचा जोरही कायम. उत्कलनबिंदू आणि द्रवणांक आपण वेगळ्याच पाठात शिकवतो. ते इथे येऊन कामाला आले.

मोजण्यासाठी त्यांनी चुंबकसूची सोन्याच्या चपट्या बारीक तारेला टांगली. धारा आली की सूची वळणार. मग वरून ती सोन्याची तार उलट पिळायची आणि सूची पुन्हा जागेवर आणायची. जितका पीळ द्यावा लागला तितका धारेचा जोर. मग सारख्याच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या. लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. एकेक तार परिपथात जोडायची आणि पीळ मोजायचा.

जानेवारी १८२६ मधली त्यांची मोजमापं वर्गात फळ्यावर लिहिण्यासारखी आहेत. २ इंचाच्या तारेला ३२६.७५. १८ इंचाच्या तारेला १९०.७५. १३० इंचाच्या तारेला ४८.५.

आता मुलांना थोडं थांबवा आणि विचार करायला लावा. तार २ इंचावरून १३० इंच झाली, म्हणजे ६५ पट लांब. तर मग धारा ६५ पट कमी व्हायला हवी की नाही? पण ३२६.७५ ला ४८.५ ने भागा. उत्तर येतं सुमारे पावणेसात. धारा फक्त पावणेसात पट कमी झाली! कुठे ६५ आणि कुठे पावणेसात.

एखादा इथेच हात टेकून बसला असता. ओहम यांना मात्र उलगडलं की धारा फक्त त्या आठातल्या एका तारेतून जात नाही. ती बिस्मथमधून जाते, तांब्याच्या पट्ट्यांतून जाते, सगळीकडून फिरून परत येते. तो बाकीचा रस्ताही धारेला अडवतोच. मग तो रस्ता किती इंच तारेइतका धरायचा? त्यांच्या आकड्यांतून उत्तर निघालं, २०.२५ इंच. म्हणजे लहान तार जोडली तेव्हा एकूण रस्ता २ आणि २०.२५ मिळून २२.२५ इंच. मोठी जोडली तेव्हा १५०.२५ इंच. आता १५०.२५ ला २२.२५ ने भागून बघा. पावणेसात!

मी हा भागाकार मुद्दाम तुमच्यासमोर मांडला, कारण ओहमचा नियम म्हणतात तो इथे जन्माला आला. स्रोताचा जोर भागिले संपूर्ण रस्त्याचा रोध. पुढे त्यांनी सांध्यांच्या तापमानातला फरक कमी करून पाहिला. तेव्हा जोराचा आकडा कमी झाला, पण २०.२५ जवळपास तसाच राहिला. म्हणजे दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत, जोर वेगळा आणि अडवणूक वेगळी. व्होल्ट, अँपिअर ही एककं तेव्हा नव्हतीच. तरी विभवांतर आणि रोध यांची वाटणी त्यांनी अशी स्वच्छ केली.

वर्गात आपल्याला जी अडचण येते तीही हीच आहे ना? मुलांना वाटतं, सेलमधून वीज निघते, पहिल्या बल्बला भरपूर मिळते, तिथे थोडी खर्च होते, उरलीसुरली दुसऱ्याला जाते. नळाला रांगेत लावलेल्या हंड्यांसारखं. दोन सेल, दोन सारखे छोटे बल्ब एकापाठोपाठ जोडा आणि कळ दाबण्याआधी मुलांना अंदाज लिहायला सांगा. पहिला जास्त उजळेल असं लिहिणारी बरीच निघतात. दोन्ही सारखेच मंद लागतात, तेव्हा वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या. मग तिसरा बल्ब जोडा. तिघेही आणखी मंद. एका ठिकाणी अडवणूक वाढवली की सगळ्या परिपथातली धारा कमी होते, कारण रस्ता एकच आहे आणि धारा सगळीकडे तेवढीच आहे.

दुसरं म्हणजे पेन्सिलचं शिसं. पेन्सिल उभी चिरून शिसं उघडं करा, दोन-तीन सेल आणि टॉर्चचा बल्ब जोडा, आणि एक तार शिशावरून सरकवा. अंतर कमी तर बल्ब उजळ, अंतर जास्त तर मंद. हा ओहम सरांचाच प्रयोग झाला, आठ तारांऐवजी एक पेन्सिल. पालकहो, घरी करायला काहीच हरकत नाही, फक्त सेलवरच करा. भिंतीतल्या प्लगजवळ यातलं काहीही नेऊ नका.

आणि ते २०.२५? तेही घरात सापडतं. टॉर्चचा सेल जुना झाला की नवा बल्ब लावूनही उजेड पडत नाही. जुन्या सेलचा स्वतःच्या आतलाच रोध वाढलेला असतो. आपण बल्बला दोष देतो. स्रोत हासुद्धा परिपथाचाच भाग आहे, हे लक्षात राहत नाही.

बरं, एवढं सापडलं, मग पुढे काय झालं? ओहम यांना विद्यापीठात जागा हवी होती. १८२६ मध्ये त्यांनी शाळेतून अर्ध्या पगारावर वर्षाची रजा घेतली आणि ते बर्लिनला भाऊ मार्टिनकडे गेले. तिथे १८२७ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. विषय, विद्युत परिपथाची गणिती मांडणी. फ्रान्सच्या फूरिए यांनी उष्णता गरम टोकाकडून थंड टोकाकडे कशी वाहते याचं गणित मांडलं होतं. ओहम यांनी वीजही तशीच वाहते असं धरून सगळा सिद्धांत उभा केला.

माझं मत विचाराल तर इथे त्यांचं शिक्षकपण थोडं कमी पडलं. इतके सुंदर प्रयोग हातात असताना पुस्तक भरलं ते गणिताने. त्या काळी जर्मनीतल्या अनेक भौतिकशास्त्रज्ञांना गणिताची इतकी सवय नव्हती. निसर्गाचं सत्य केवळ चिंतनातून कळतं असं मानणारेही वजनदार लोक होते. बर्लिनच्याच पोल नावाच्या अभ्यासकाने पुस्तकावर कडक टीका केली. विद्यापीठातली जागा काही मिळाली नाही. १८२८ मध्ये ओहम यांनी कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. वय एकोणचाळीस, लग्न झालेलं नाही (पुढेही केलं नाही), हातात पक्कं काम नाही. पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये सैनिकी शाळेत तासिकेवर गणित शिकवून काढली. ज्या शाळेच्या प्रयोगशाळेत नियम सापडला ती सुटली आणि तसे प्रयोग करायला जागाही उरली नाही. मला या आयुष्यातला हाच भाग सगळ्यात जड वाटतो.

१८३३ मध्ये न्यूर्नबर्गच्या तंत्रशाळेत नोकरी मिळाली आणि थोडी स्थिरता आली. दरम्यान बाहेर हवा बदलत होती. लाइपझिगच्या फेखनर यांनी स्वतः प्रयोग करून ओहम बरोबर असल्याचं दाखवलं. फ्रान्समध्ये पूये यांना स्वतंत्रपणे तेच आढळलं. आणि तारयंत्र आलं. मैलोन् मैल तार टाकायची म्हटल्यावर तारेच्या लांबीने धारा किती कमी होईल हा प्रश्न पुस्तकातला राहिला नाही, खिशातला झाला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये ओहम यांना कोपली पदक दिलं, पुढच्या वर्षी परदेशी सदस्य करून घेतलं. त्यांच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतरही १८४१ मध्येच झालं. पुस्तक निघून चौदा वर्षं झाली होती.

याच संदर्भात एक आठवण ठेवण्यासारखी गोष्ट. इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८१ मध्येच, म्हणजे ओहम जन्मण्याआधीच, असाच निष्कर्ष काढला होता. धारा मोजायला काही साधन नव्हतं म्हणून ते आपल्याच अंगाला बसणारे झटके ताडून पाहत होते! पण त्यांनी हे छापलंच नाही. त्यांच्या वह्या मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा जगाला कळलं. नियमाला नाव ओहमचं मिळालं ते त्यांनी सगळं जगासमोर मांडलं म्हणून, आणि मांडण्याची किंमतही मोजली म्हणून.

ओहम यांनी आवाजावरही काम केलं, कान मिश्र आवाजातले साधे स्वर कसे वेगळे ओळखतो यावर. तो वेगळा विषय, इथे नको. १८४९ मध्ये त्यांना म्युनिकला बोलावलं आणि १८५२ मध्ये विद्यापीठातलं प्रायोगिक भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं. तरुणपणापासून हवी असलेली जागा मिळाली तेव्हा वय त्रेसष्ट होतं. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, म्युनिकमध्ये त्यांचं निधन झालं.

१८८१ मध्ये पॅरिसला वीजतज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे व्होल्ट, अँपिअर, कूलॉम, फॅरड यांच्या रांगेत ओहम हे रोधाचं एकक ठरलं. चिन्ह मात्र त्यांच्या नावातल्या पहिल्या अक्षराचं घेतलेलं नाही, कारण ते शून्यासारखंच दिसतं. म्हणून ग्रीक ओमेगा लिहितात. मुलं त्याला घोड्याचा नाल म्हणतात, म्हणू द्या, लक्षात राहतं. आणि रोधाच्या उलट जी वाहकता, तिचं एकक पूर्वी ओहम हा शब्द उलटा वाचून म्हो असं ठेवलं होतं. आता त्याला सीमेन्स म्हणतात. शाळेच्या कपाटातल्या एखाद्या जुन्या पुस्तकात म्हो दिसलं, तर ती छपाईची चूक समजून खोडू नका.